गाडीचा चेहरा आणि माझा रस्ता

2023 च्या दसऱ्याला आमच्या दारात नवी गाडी आली. चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला, सासूबाईंनी बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक रेखलं. मोतिया पांढरा रंग, काळं छप्पर, पुढे भुवईसारखे बारीक दिवे, मागे या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल प्रकाशाची एकच रेघ. त्याच संध्याकाळी सोसायटीतल्या तिघांनी थांबून विचारलं, "नवीन मॉडेल का हो?" मला फार बरं वाटलं. दहा वर्षं एक छोटी हॅचबॅक चालवल्यावर मी पहिल्यांदाच उंच, रुबाबदार गाडी घेतली होती, आणि ती हायब्रीड होती. म्हणजे तसं मागच्या दारावर लिहिलेलं होतं.

तिसऱ्यांदा टाकी भरली तेव्हा हिशेब केला. लिटरला 10.8 किलोमीटर. पुन्हा मोजलं, पुढच्या महिन्यात आणखी एकदा मोजलं. आकडा अकराच्या पुढे सरकला नाही. गाडी बिघडली असावी म्हणून सर्व्हिस सेंटरला नेली. त्यांनी तपासून परत दिली. गाडीत काहीच बिघाड नव्हता. ती जशी चालायला हवी तशीच चालत होती. मी चुकीची गाडी घेतली होती.

गाडीचं आणि शोरूमचं नाव इथे लिहीत नाही. गाडी चांगली आहे, आजही माझ्याकडे आहे, आणि ती दुसऱ्या कुणाला अगदी योग्य ठरली असती. माझ्या हातून काय निसटलं ते सविस्तर सांगते, कारण गेल्या दोन वर्षांत माझ्या ओळखीतल्या निदान पाच जणांनी हीच चूक केलेली मी पाहिली आहे.

माझा रोजचा रस्ता कोथरूड ते हिंजवडी. चांदणी चौक, बावधन, बाणेरचा पूल, वाकड, भूमकर चौक. जायला वीस किलोमीटर, यायला वीस. सकाळी सव्वा तास, संध्याकाळी दीड. यातला निम्मा वेळ गाडी चालत नसते, सरकत असते. दहा मीटर पुढे, ब्रेक, पुन्हा दहा मीटर. वर्षाला ऑफिसचे साडेदहा हजार आणि इकडचे-तिकडचे धरून बारा हजार किलोमीटर होतात. हे मला तोंडपाठ होतं. पण गाडी निवडताना यातली एकही गोष्ट मी विचारात घेतली नाही.

शोरूममध्ये समोर दोन गाड्या होत्या. कंपनी तीच, आकार तोच. एक त्या मॉडेलमधली वरच्या दर्जाची, ऑटोमॅटिक, काचेच्या मोठ्या छपराची, 17 इंची चकचकीत चाकांची. दुसरी साध्या सजावटीची, पण तिच्या यंत्रणेला ते 'स्ट्राँग हायब्रीड' म्हणत होते. शोरूमच्या किमतीत फरक एक लाख दहा हजारांचा, आणि महाग होती ती साधी दिसणारी. मी विक्रेत्याला विचारलं, "हिच्यात वेगळं काय आहे?" तो म्हणाला, "मॅडम, ही पण हायब्रीडच आहे, ती पण हायब्रीडच. तिच्यात बॅटरी मोठी, एवढंच. लुक्स बघाल तर हीच घ्या." तो खोटं बोलला नाही. मला पुढचा प्रश्न विचारता आला नाही.

तो प्रश्न हा: इंजिन पूर्ण बंद असताना ही गाडी निव्वळ बॅटरीवर पुढे जाते का?

हायब्रीड हा शब्द आपल्याकडे दोन अगदी वेगळ्या यंत्रणांना लावला जातो. माइल्ड हायब्रीडमध्ये नेहमीच्या पेट्रोल इंजिनाला पट्ट्याने जोडलेला एक छोटा जनरेटर असतो. तो सिग्नलला बंद पडलेलं इंजिन झटकन सुरू करतो, गाडी उठताना इंजिनाला थोडा हात देतो आणि ब्रेक लावताना थोडी वीज साठवतो. चाकं फिरवायची ताकद मात्र त्याच्यात नसते. गाडी पाऊलभर सरकायची तरी इंजिन सुरूच व्हावं लागतं. आणि पुण्याच्या एप्रिल-मे महिन्यात एसी लावून सिग्नलला उभं राहिलं की आतली हवा तापताच ते बंद झालेलं इंजिन पुन्हा सुरू होतं, कारण एसीचा कॉम्प्रेसर इंजिनावरच चालतो. माझ्या रस्त्यावर या यंत्रणेचा फायदा जवळजवळ शून्य होता.

स्ट्राँग हायब्रीडमध्ये खरी मोटर असते. कमी वेगात, रांगेत, पार्किंगमध्ये गाडी इंजिन न लावता त्या मोटरवर जाते. ब्रेक लावला की तीच मोटर उलट्या कामाला लागते आणि वीज बनवून बॅटरीत भरते. साध्या गाडीत ही ऊर्जा ब्रेकच्या उष्णतेत वाया जाते. एसी विजेवर, त्यामुळे रांगेत उभं असताना आत गारवा असतो आणि इंजिन गप्प. जितक्या वेळा थांबाल-निघाल तितका हिचा लाभ. बाहेरून चार्जिंगची वायर लावायची नसते, गाडी आपली आपणच भरून घेते. टोयोटाने 1997 मध्ये जपानात प्रियस आणली तेव्हापासून हे तंत्र रस्त्यावर आहे.

ठोस उदाहरण म्हणून 2022 मध्ये आलेल्या मारुती ग्रँड विटारा आणि टोयोटा अर्बन क्रूझर हायरायडर या जोडगाड्या घ्या. दोन्ही कर्नाटकात बिदडीच्या टोयोटा कारखान्यात बनतात आणि दोन्हींत माइल्ड आणि स्ट्राँग असे दोन्ही पर्याय मिळतात. माइल्डमध्ये सुझुकीचं चार सिलिंडरचं दीड लिटरचं इंजिन. स्ट्राँगमध्ये टोयोटाचं तीन सिलिंडरचं दीड लिटरचं इंजिन आणि त्याच्या जोडीला मोटर. स्ट्राँगचं कागदावरचं ॲव्हरेज 27.97, माइल्डच्या मॅन्युअल गाडीचं 21.11. बॅटरी जेमतेम 0.76 किलोवॅट-तासाची. इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी याच्या चाळीस-पन्नास पट मोठी असते. म्हणून स्ट्राँग हायब्रीड विजेवर सलग पंचवीस किलोमीटर जाईल असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. ती थोडं थोडं जाते, पण दिवसात पन्नास वेळा जाते.

कागदावरच्या ॲव्हरेजबद्दलही बोलायला हवं. मी रोज सकाळी वेताळ टेकडीवर फिरायला जाते. आम्ही कोथरूडकर तिला एआरएआयची टेकडी म्हणतो, कारण गाड्या तपासणारी ती संस्था तिथेच आहे. इतकी वर्षं मी त्या फाटकावरून जात होते, पण आत काय मोजतात याची चौकशी कधी केली नव्हती. गाडी घेतल्यानंतर केली. प्रमाणपत्रावरचा आकडा काढताना गाडी रस्त्यावर नसते, रोलरवर असते. एसी बंद असतो. ठरावीक क्रमाने वेग वाढवत-कमी करत वीसेक मिनिटं ती चालवतात आणि सर्वाधिक वेग ताशी 90 किलोमीटरपर्यंतच जातो. दोन गाड्यांची आपसात तुलना करायला हा आकडा उपयोगाचा आहे. भूमकर चौकात तुम्हाला काय मिळेल, हे त्यावरून कळत नाही.

ते मला कळलं वारज्याहून येणाऱ्या एका सहकाऱ्याकडून. वेळ तीच, रांग तीच, गाडी त्याच आकाराची, फक्त स्ट्राँग हायब्रीड. त्यांनी वर्षभराच्या पावत्या दाखवल्या. 22 च्या आसपास. लिटरला 104 रुपये धरून मी रात्री कागदावर मांडलं. बारा हजार किलोमीटरला, माझं ॲव्हरेज अकरा धरून, माझा खर्च 1,13,000 रुपये, त्यांचा 56,700. दरवर्षी छप्पन्न हजारांहून जास्त फरक. आमच्याकडे दहा ते वीस लाखांच्या पेट्रोल गाडीला किमतीच्या 12 टक्के रस्ता-कर लागतो, म्हणजे किमतीतला फरक ऑन-रोड आणखी वाढतो. तो आणि विमा मिळवून माझा एक लाख दहा हजारांचा फरक सव्वा लाख झाला असता. तो सव्वादोन वर्षांत वसूल झाला असता, आणि पुढची सगळी वर्षं माझी. हा कागद मी दसऱ्याआधी मांडायला हवा होता. अर्ध्या तासाचं काम होतं.

आता कुणी म्हणेल, मग सरळ स्ट्राँग हायब्रीड घ्या, विषय संपला. तसं नाही, आणि हे मला माझ्या ताईच्या घरी कळलं.

भाऊजी छत्रपती संभाजीनगरला असतात. बियाण्यांचा व्यवसाय. आठवड्यातून एक-दोनदा समृद्धीवरून वाशीम, अमरावती, कधी थेट नागपूर. वर्षाला तीस हजार किलोमीटर. माझी फसगत ऐकून त्यांनी मागच्या वर्षी हट्टाने स्ट्राँग हायब्रीड घेतली, तीही सगळ्यात वरची. मी त्यांना तेच सुचवलं होतं, त्यामुळे या चुकीत माझाही वाटा आहे. समृद्धीवर ताशी 120 ची मर्यादा आहे आणि भाऊजी तिच्या काठाकाठाने जातात. तिथे ब्रेक लागतच नाहीत, मग वीज साठणार कुठून? इंजिन अखंड चालू. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा अडथळा चौपट होतो, तो कोणत्याच मोटरला चुकत नाही. त्यांना ॲव्हरेज मिळतं साडेसतरा. त्यांच्याच रस्त्यावर तशीच माइल्ड गाडी चालवणारे त्यांचे एक व्यापारी मित्र साडेपंधरा काढतात. तीस हजार किलोमीटरला फरक पडतो सुमारे 220 लिटरचा, म्हणजे 23,000 रुपयांचा. वरच्या मॉडेलसाठी त्यांनी ऑन-रोड तीन लाख जास्त मोजले होते. ते वसूल व्हायला तेरा वर्षं लागतील. त्यांच्यासारख्या माणसाने या वर्गात आजही मिळणारं डिझेल इंजिन निदान चालवून तरी बघायला हवं होतं. क्रेटा आणि सेल्टॉसमध्ये ते आहे.

दुसरी अडचण त्यांना गाडी घरी आल्यावर समजली. ताईच्या सासूबाईंना चाकाची खुर्ची लागते. स्ट्राँग हायब्रीडची बॅटरी बऱ्याच गाड्यांत डिकीच्या तळाशी बसवतात. मी वर ज्या जोडगाड्यांचं उदाहरण दिलं त्यांत माइल्डच्या डिकीत 373 लिटर जागा आहे, स्ट्राँगमध्ये 265. खुर्ची घडी करून ठेवली की दोन बॅगा मागच्या सीटवर. शोरूममध्ये डिकी उघडून बघितली होती, पण रिकामी. खुर्ची सोबत नेऊन ठेवून बघायचं कुणालाच सुचलं नाही.

म्हणजे शहरात रांगेत उभी राहणारी मी माइल्ड घेऊन बसले, आणि महामार्गावर धावणारे भाऊजी स्ट्राँग. दोघांच्या गाड्या चांगल्या, फक्त उलट घरी गेल्या.

मला असं का झालं याचा मी पुष्कळ विचार केला आहे. मला भुलवलं ते चेहऱ्याने. त्या काळात या वर्गातल्या गाड्या एकामागून एक तोंडवळा बदलत होत्या. सेल्टॉसने जुलै 2023 मध्ये बदलला, क्रेटाने जानेवारी 2024 मध्ये. नवी जाळी, नवे बंपर, दिव्यांच्या रेघा, आत दोन मोठे पडदे. फेसलिफ्ट म्हणतात त्यात बहुतेक वेळा बदल होतो तो एवढाच. सांगाडा तोच, दारं तीच, बसायची जागा तीच. कधी एखादं नवं इंजिन येतं, पण ते जाहिरातीत दिव्यांच्या मागे उभं असतं. सुंदर गाडी आवडणं वाईट नाही. रोज तिच्यात बसायचं आहे, ती डोळ्यांना बरी वाटायलाच हवी. पण त्या सजावटीचाही पुढचा खर्च असतो आणि तो कुणी सांगत नाही.

माझ्या गाडीच्या बारीक भुवया म्हणजे दिवसा लागणारे दिवे. खरे हेडलाइट खाली, बंपरच्या कोपऱ्यात, माणसाच्या गुडघ्याच्या उंचीवर. हल्ली बऱ्याच एसयूव्हींची हीच रचना आहे. पहिल्याच पावसाळ्यात वाकडच्या सर्व्हिस रोडला एक दुचाकी घसरून कोपऱ्यावर आदळली. मुलगा सुखरूप राहिला, यापेक्षा मोठं काही नाही. पण पूर्वीच्या गाडीत जिथे काच किंवा बल्ब बदलून काम झालं असतं, तिथे एलईडीचा अख्खा संच बदलावा लागला. बंपरसकट बिल तीस हजारांच्या पुढे. विमा वापरला तर वर्षानुवर्षं साठणारी नो-क्लेम सवलत गेली. मोठ्या चाकांवरचे टायर बसके असतात, दिसतात छान, पण कात्रज-देहूरोड बायपासच्या खड्ड्यात कडेला फुगा येतो. माझ्या एका टायरला आला. काचेचं छप्पर मे महिन्यात बारा वाजता पडदा ओढूनच ठेवावं लागतं. आमच्या पार्किंगवर गुलमोहर आहे, त्याच्या पाकळ्या छपराच्या खाचेत अडकून पाणी जायची बारीक नळी तुंबते. ती पावसाळ्याआधी साफ करून घ्या, नाहीतर पाणी आत, थेट सीटवर.

स्ट्राँग हायब्रीड घ्यायचं ठरवलंत तर काही गोष्टी आधीच माहीत असू द्या. मोठ्या बॅटरीची हमी किती वर्षं आणि किती किलोमीटर, ते लेखी बघा. टोयोटाच्या हायब्रीड बॅटरीला आपल्याकडे 8 वर्षं किंवा 1,60,000 किलोमीटर आहे. जुनी गाडी विकताना हा कागद कामी येतो. अनेक हायब्रीड गाड्यांत बॅटरी थंड ठेवायला मागच्या सीटजवळच्या जाळीतून हवा आत ओढली जाते. ती जाळी चादरीने, पिशवीने झाकू नका, आणि घरात कुत्रं असेल तर तिच्यात केस साचतात, सर्व्हिसला ती मुद्दाम साफ करायला सांगा. आमच्या शेजारचे काका तीन महिने मुलाकडे अमेरिकेत राहून आले आणि त्यांची हायब्रीड जागची हलेना. मोठी बॅटरी ठीक होती. साधी 12 व्होल्टची बॅटरी उतरली होती आणि तिच्याशिवाय यंत्रणा जागीच होत नाही. लांब जाणार असाल तर आठवड्यातून एकदा कुणीतरी अर्धा तास गाडी चालू करून ठेवील अशी व्यवस्था करा. आणि ही गाडी आवाज न करता सरकते. सोसायटीत, जिथे मुलं खेळतात तिथे, तुम्हीच दुप्पट सावध राहायला हवं. हे मी कळकळीने सांगते.

पैशांचा हिशेब मात्र आजच्या भावाने मांडा, माझ्या नव्हे. 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटी बदलला. चार मीटरहून लांब हायब्रीडला आधी कर आणि सेस मिळून 43 टक्के लागत, आता सरसकट 40 टक्के लागतात. इलेक्ट्रिकला 5 टक्केच. उत्तर प्रदेशाने जुलै 2024 मध्ये स्ट्राँग हायब्रीडचा नोंदणी कर माफ केला होता, म्हणून लखनौच्या नातेवाइकाने तेव्हा सांगितलेली किंमत पुण्यात लागू होत नव्हती. दहा लाखांवरच्या गाडीला शोरूम 1 टक्का टीसीएस घेतं, तो आयकर विवरणपत्रात परत मागता येतो. आमच्याकडे बऱ्याच जणांना ते माहीतच नसतं.

आणि टेस्ट ड्राइव्ह. माझी रविवारी सकाळी नऊ वाजता झाली होती, बाणेरच्या मोकळ्या रस्त्यावर, चार किलोमीटर. त्या रस्त्यावर कोणतीही गाडी चांगलीच चालते.

म्हणून आता मला कुणी गाडीबद्दल विचारलं की मी रंग, दिवे, पडदा यांवर एक शब्दही बोलत नाही. आधी विचारते, गेल्या महिन्यात किती किलोमीटर चाललात, आणि त्यातले किती रांगेत? आठ दिवस वहीत लिहा. टाकी काठोकाठ भरा, किलोमीटर टिपा, पुढच्या वेळी पुन्हा काठोकाठ भरून भागाकार करा, हाच खरा आकडा. रांगेतले जास्त असतील आणि वर्षाला दहा-बारा हजारांच्या वर जात असाल तर सजावट कमी असली तरी चालेल, स्ट्राँग हायब्रीडच बघा. वर्षाला पाच हजारच चालवत असाल तर जादा पैसे गुंतवू नका, माइल्ड किंवा साधं पेट्रोल पुरे. सगळं महामार्गावरच असेल तर भाऊजींची गोष्ट आठवा.

माझी गाडी मी आणखी तीन वर्षं वापरणार आहे. आत्ता विकली तर तोटाच मोठा होईल. मुलगी पुढच्या वर्षी नोकरीला लागते आहे, तिलाही गाडी घ्यायची आहे. तिच्यासाठी मी एका शोरूममध्ये जाऊन आले आणि विक्रेत्याला एवढंच म्हणाले, "शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता, वाकड ते चांदणी चौक, घरच्या सगळ्यांना बसवून गाडी चालवायची आहे." तो आधी नाही म्हणाला, मग मॅनेजरला विचारून हो म्हणाला. तुम्हीही मागा. आपल्याच रस्त्यावर, आपल्याच वेळेला, आपलंच सामान डिकीत ठेवून. देत नसतील तर बुकिंगचे पैसे खिशात ठेवा आणि दुसऱ्या शोरूममध्ये जा.